‘तिची संमती होती’ हे उत्तर ऐकून घेऊ नका

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी बारा वर्षं खो-खो खेळले. आता एका तालुक्याच्या गावात शाळेतल्या मुलींचा सराव घेते. हे पत्र माझ्या एका मैत्रिणीमुळे लिहिते आहे.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सरावानंतर आम्ही खांबाजवळ पाय ताणत बसलो की तिचा मोबाइल वाजायचा. ‘उद्या पाचला ये, एकटीच.’ पाठवणारे आमचे सर. आठ दिवसांनी संघाची यादी लागायची होती आणि ती सरच करणार होते. ती गेली. पुढे बोभाटा झाला तेव्हा संस्थेत सगळे एकच बोलले, ‘दोघं सज्ञान आहेत, राजीखुशीचा मामला आहे.’ सर राहिले. तिचा खेळ सुटला. त्या महिन्यात आणखी चार घरांनी आपल्या मुलींचं मैदान बंद केलं.

साहेब, आमच्याकडच्या मुलीसाठी ती यादी म्हणजे काय असतं? दहावी-बारावीचे वाढीव गुण, राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र, सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण. घरच्यांनी उसनवारी करून तिला तिथवर आणलेलं असतं. यादी ज्याच्या हातात, त्याला ती ‘नाही’ कशी म्हणणार? आणि ‘नाही’ म्हणायची सोय नसेल तर तिच्या ‘हो’ला संमती म्हणायचं कसं?

अठराच्या आतल्या मुलीसाठी २०१२चा पोक्सो कायदा आहे, तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही. पण अठरावा वाढदिवस झाला म्हणून मैदानावर काहीच बदलत नाही. सर तेच, यादी तीच. भारतीय न्याय संहितेचं कलम ६८ अधिकाराच्या जागेचा गैरफायदा घेणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण त्यासाठी मुलीनं आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं क्रीडा संकुलालाही कामाचं ठिकाण मानलं आहे. तरी २०२३मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा कितीतरी क्रीडा महासंघांत तक्रार समितीच धड नसल्याचं उघड झालं. २०२२मध्ये एका सायकलपटूनं स्लोव्हेनियातल्या सरावादरम्यान प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, त्यानंतर महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण यादी करणारा हात त्यानं बदलत नाही.

म्हणून राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेसाठी लेखी नियम काढा. आपल्या हाताखालच्या खेळाडूशी प्रशिक्षकाचे संबंध चालणार नाहीत, तिचं वय काहीही असो. खरोखर जीव जडला असेल तर सरांनी आधी तिचा सराव आणि निवड दुसऱ्याकडे सोपवावी, मग पुढचं बोलावं. नियम मोडला तर कारवाई प्रशिक्षकावर, मुलीच्या जागेला धक्का नको. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण जागा जाईल या भीतीनंच सगळ्या गप्प बसतात. निवड एकट्याच्या हातात ठेवू नका. आणि तक्रार समितीतल्या बाईंचा फोन नंबर मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत लावा, कार्यालयात सरांच्या खुर्चीमागे नको.

पुढच्या निवड चाचणीला माझ्या तीन मुली येणार आहेत. त्याआधी हा नियम निघावा, एवढीच विनंती.

आपली,
एक माजी खेळाडू