पिल्लांच्या पोटाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

सशाची दोन्ही पिल्लं ९ आठवड्यांची आहेत म्हणालात, म्हणून लगेच लिहिते आहे. दूध सुटण्याच्या सुमारापासून साधारण १२ आठवड्यांपर्यंत सशाचं पोट सगळ्यात नाजूक असतं. दूध पिताना त्यांच्या जठरात आम्ल कमी असतं आणि वाईट जंतूंना दुधातले घटकच आवरतात. दूध सुटलं की ते संरक्षण जातं. मोठ्या सशासारखं तीव्र आम्ल तयार व्हायला आणि आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती बसायला वेळ लागतो. तोवर खाण्यातला एकदम केलेला बदलही जुलाबापर्यंत जाऊ शकतो.

सशाचं बरंचसं पचन आंधळ्या आतड्यात, म्हणजे लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथल्या पिशवीत होतं. तिथले जंतू चारा आंबवतात, आणि गवताचे लांब तंतू सगळं आतडं हलतं ठेवतात. साखर किंवा पिठूळ पदार्थ तिथवर पोचले की विष तयार करणारे जंतू वाढतात. म्हणून आई, बिस्किट, पाव, केळं यातलं काहीही नको, अगदी गाजरसुद्धा नको; तेही गोडच. हात हुंगत आलेल्या पिल्लाला रिकामं परत पाठवणं तुला जड जाईल, मला माहीत आहे. त्याला गवताची काडी भरव, तेवढ्यावर ते खूश होतं.

वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. रोज निदान पिल्लाएवढा ढीग, हिरवट आणि वासाला ताजा. धुळकट किंवा बुरशी आलेलं गवत सरळ टाकून द्या. लसूणघास वाढीच्या वयात चालतो, पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे सहा-सात महिन्यांच्या आसपास तो हळूहळू बंद करायचा. साधं गवत आतापासूनच बरोबर ठेवा, म्हणजे तेव्हा अडणार नाही. ढीग लेंड्यांच्या ट्रेला लागूनच ठेवा. ससे तिथे बसून खातात.

गोळी-खाद्य ज्यांच्याकडून पिल्लं आणली त्यांच्याकडे होतं तेच चालू ठेवा. बदलायचंच असेल तर १० दिवस घ्या: पहिले ३ दिवस पाव हिस्सा नवं, पुढचे ३ दिवस अर्धं, मग पाऊण. दाणे आणि सुकी फळं मिसळलेलं रंगीत खाद्य आणू नका, पिल्लं त्यातलं गोड तेवढंच वेचून खातात. हिरवा पाला १२ आठवड्यांनंतर, एका वेळी एकच प्रकार, दोन-तीन पानं. मग २ दिवस लेंड्या बघायच्या आणि ठीक असतील तरच पुढचा प्रकार. पाणी जड, पसरट वाटीत ठेवा. नळीच्या बाटलीपेक्षा वाटीतून ते जास्त पितात.

बाबा, लेंड्यांची पाहणी तुमच्याकडे. चांगली लेंडी गोल, कोरडी असते, दाबली की गवताचा भुगा होतो. लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या तर खाणं घटलंय असं समजा. द्राक्षांच्या घडासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा थेट गुदाशी तोंड नेऊन खातो. त्या खाऊ द्या, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्या न खाता पडून राहू लागल्या किंवा पार्श्वभागाला चिकटल्या, तर बहुतेक गोळी-खाद्य जास्त होतंय. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. या वयात वजन थांबणंसुद्धा चांगलं नाही, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.

पाण्यासारखा जुलाब मात्र वेगळा. या वयाचं पिल्लू त्यात काही तासांत कोसळतं, तेव्हा तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या. बरोबर ताजी लेंडी न्या, म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीसाठी तपासता येईल. तो निघाला तर औषध दोघांनाही लागतं आणि ट्रे रोज कोरडा-स्वच्छ हवा.

दुसरी घाईची वेळ म्हणजे खाणं थांबणं. ससा उलटी करू शकत नाही, आणि खाणं थांबलं की आतडंही मंदावतं. ८-१० तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, अंग चोरून बसलाय, दात करकर वाजवतोय, तर रात्र असली तरी फोन करा. अंग गार लागलं तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. पोट ढोलासारखं ताठ असेल तर सिरिंजने काहीही भरवू नका. घरातली माणसांची औषधं तर अजिबात नकोत. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं की चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात, आणि त्यात ससा जातो. अँटिबायोटिक कुठलं, हे सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

असे डॉक्टर जवळ कोण, रात्री फोन घेतात का, हे आजच विचारून नंबर फ्रिजवर लावा. आणि आठवडाभर रोज सकाळी ट्रेचा फोटो आणि दोघांचं वजन मला पाठवा.

तुमची,
लेक