जिम्नॅस्टिक्सची फी का वाढली?

‘जिम्नॅस्टिक्स वर्ग उघडले, फी मात्र वाढली’ ही ठाण्याची बातमी आणि त्यातला पालकांचा नाराजीचा सूर वाचला. मीही पालकच, पण मुलीच्या वर्गाचे शटर उघडले तेव्हा मी तिथे होतो. कोरोनाच्या टाळेबंदीत दोन पावसाळे कोंडलेल्या मॅटना बुरशी चढली होती, उड्या झेलणाऱ्या फोमच्या खड्ड्याला कुबट वास येत होता. भाडे मात्र चढतच गेले. क्रिकेटसारखी तीस मुले एका प्रशिक्षकाकडे सोपवता येत नाहीत. १० सेंटिमीटर रुंद बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या उंच पट्टीवर, पहिल्यांदा चढणाऱ्या मुलीच्या कमरेशी आधाराला प्रशिक्षकाचा हात असावाच लागतो. त्यामुळे बॅच मोठी करून तूट भरून निघणे नाही. जे वर्ग महापालिकेच्या जागेत भरतात, त्यांचे तरी बंद काळातले भाडे माफ करावे.

– एक पालक, नौपाडा, ठाणे