एका हाकेला दोघं

सांगली

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

काल फोनवर तू रडलीस आणि मला धड बोलता आलं नाही. तुझे बाबा शेजारी पेपर वाचत बसलेले, त्यांच्यापुढं हा विषय काढायचा म्हणजे अवघडच. म्हणून लिहितेय.

रिपोर्ट दोनदा वाचला. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ४६, त्यापुढं लॅबनं चांदणी मारलीय, तेवढीच तुला दिसली. खालच्या ओळीत टीएसएच (गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ३८ आहे, ते बघितलंस का? ते साधारण ४ पर्यंत असावं लागतं. गोम तिथं आहे, गं.

थायरॉइड मंदावला की मेंदूतला हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचा निरोप धाडतो. तो जातो पिट्यूटरीकडं. वाटाण्याएवढी असते ती (गाठ नाही म्हणत, ग्रंथी म्हणते, नाहीतर परत घाबरशील). निरोप असतो टीएसएच वाढवायचा, पण शेजारच्या प्रोलॅक्टिनवाल्या पेशींनाही तो ऐकू जातो. दादाला जेवायला हाक मारली की आधी तूच पाटावर येऊन बसायचीस, तसंच. एरवी डोपामाइन हे मेंदूतलं रसायन या पेशींना दाबून ठेवतं, पण थायरॉइड ओ देईना म्हटल्यावर हाका वाढतच जातात. त्यात शरीर मंदावलेलं, प्रोलॅक्टिनचा निचराही सावकाश. ते वाढलं की पाळी लांबते.

हा टीआरएच १९६९ मध्ये उलगडला, गिलमाँ आणि शॅली या दोघांनी. मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू गोळा करून! १९७७ ला नोबेल मिळालं. लॅबमध्ये नवीन असताना मला या गोष्टीचं भारी कौतुक होतं.

आणि तरी माझं काय झालं ऐक. तू पाचवीत होतीस. एक दिवस ब्लाउजवर ओला डाग दिसला. दूध! आजी म्हणाली, कुणाला सांगू नको. एका डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन उतरवायच्या गोळ्या दिल्या. मळमळ आणि गरगर इतकी, की आयर्विन पुलावर कठडा धरून उभी राहायचे. चार महिने गेले. टीएसएच त्यांनी सांगितलं नाही, आणि रोज दुसऱ्यांची रक्तं तपासणाऱ्या मलाही सुचलं नाही. त्याचा राग अजून आहे, निम्मा माझ्यावरच. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू झालं आणि पुढं आपोआप थांबलं सगळं.

तेव्हा ट्यूमर ट्यूमर करत रात्रभर मोबाईल बघू नकोस. फार दिवस थायरॉइड कमी राहिला तर पिट्यूटरीच फुगते, स्कॅनमध्ये ट्यूमरसारखी दिसते, आणि गोळीनं पुन्हा आकसते. टीएसएच जागेवर आलं की प्रोलॅक्टिन परत तपासायचं. तरीही चढंच राहिलं तर पुढचं डॉक्टर बघतील. मात्र डोकं फार दुखलं किंवा बाजूचं दिसेनासं झालं तर वाट बघायची नाही, लगेच जायचं. आणि पित्तावरच्या गोळीत डोमपेरिडोन आहे का, ते पाकिटावर बघ. त्यानंही प्रोलॅक्टिन चढतं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभरानं. तुला ते जमणार नाही हे माहीत आहे, तरी सांगते. लोहाची गोळी चार तासांनी. सहा-आठ आठवड्यांत आकडा हलेल, त्याआधी रोज लॅबला पळू नकोस.

बाबा येताना भडंग आणतील. दादाला मी अजून काही बोललेले नाही.

तुझी,
आई