स्टार्मर यांना मत दिले, म्हणूनच बोलते आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारत-ब्रिटन मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी यंदा ६ मे २०२५ रोजी पूर्ण झाल्या आणि मराठी वर्तमानपत्रांतून ब्रिटनचे पंतप्रधान सर कीअर स्टार्मर यांचे कौतुक झाले. कराराने भारताचे भले होणार असेल तर मलाही आनंदच आहे. पण त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ मे रोजी, याच पंतप्रधानांनी आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांविषयी जे भाषण केले, तेही महाराष्ट्रात पोहोचायला हवे. ज्यांची मुलेबाळे इथे नोकरीला आहेत किंवा यायच्या तयारीत आहेत, त्यांच्यापर्यंत तर नक्कीच. आज ४ जुलै २०२५. स्टार्मर यांचा पक्ष निवडून आला त्याला आज वर्ष झाले.

मी लेस्टरमध्ये घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी नर्स आहे. पासपोर्ट भारताचा, पण राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना इथे राहत असताना मतदानाचा हक्क आहे. इथल्या अनेक मराठी कुटुंबांना हे माहीतच नसते. गेल्या वर्षी मी स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला मत दिले, आणि मनापासून दिले. चौदा वर्षे हुजूर पक्षाचे राज्य होते. शेवटच्या काही वर्षांत रुग्णालयांची काय दशा झाली ते आम्ही रोज पाहत होतो. स्टार्मर यांची आई नर्स होती, वडील कारखान्यात अवजारे घडवणारे कारागीर. स्वतः ते मानवी हक्कांचे वकील. २०२० मध्ये पक्षनेतेपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांनी दहा वचने दिली होती. त्यांत स्थलांतराचे धोरण करुणेवर आणि सन्मानावर उभे असेल, असे एक वचन होते. हा माणूस आपली बाजू समजून घेईल, असे वाटण्याला आधार होता.

पहिला धक्का महिन्याच्या आतच बसला. २९ जुलैला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ज्येष्ठांना हिवाळ्यात मिळणारा इंधनभत्ता जवळपास बंद केला. आधीच्या सरकारने तिजोरीत २२ अब्ज पौंडांचे भगदाड पाडून ठेवले आहे, हे त्याचे कारण सांगितले गेले. दर हिवाळ्याला २०० किंवा ३०० पौंड मिळत, ते आता फक्त ‘पेन्शन क्रेडिट’सारखी उत्पन्न पाहून दिली जाणारी सरकारी मदत घेणाऱ्या अतिगरीब वृद्धांनाच मिळणार होते. सुमारे एक कोटी ज्येष्ठ त्यातून वगळले गेले. एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची मर्यादा तेव्हा आठवड्याला २१८.१५ पौंड होती, आणि पूर्ण सरकारी पेन्शन २२१.२० पौंड. म्हणजे तीन पौंडांनी माणूस ‘सुखवस्तू’ ठरत होता!

माझ्या एक रुग्ण ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. नवऱ्याच्या पश्चात थोडी पेन्शन मिळते, म्हणून त्या मर्यादेच्या वर. त्यांच्या पायाला न भरणारी जखम आहे, तिचे ड्रेसिंग करायला मी जाते. गेल्या जानेवारीत त्या घरातही ओव्हरकोट घालून बसलेल्या असत. खिडकीत विजेच्या मीटरचा छोटा पडदा ठेवलेला. त्यावर आज किती पौंड जळले ते दिसते. संध्याकाळ होईपर्यंत हीटर लावायचा नाही, असा त्यांनी नेम केला होता. बँडेज सोडले की पाय हाताला गार लागायचा. अशी जखम भरायला ऊब लागते, हे मी त्यांना प्रत्येक भेटीत सांगायचे आणि त्या समजूतदारपणे मान हलवायच्या. यातून वाचणारे पैसे होते वर्षाला सुमारे दीड अब्ज पौंड. त्यातले किती पुन्हा दवाखान्यांतच खर्च झाले असतील, याचा हिशेब कुणी मांडला का?

गेल्या सप्टेंबरात पंतप्रधानांनी एका श्रीमंत देणगीदाराकडून कपडे आणि चष्मे घेतल्याचे प्रकरण गाजत होते. नियम मोडला नव्हता म्हणे. पुढे त्यांनी सहा हजारांहून अधिक पौंडांच्या भेटींची परतफेडही केली. पण म्हाताऱ्यांच्या शेगडीतला निखारा काढून घेणाऱ्याने स्वतःचे कपडे तरी स्वतःच्या पैशाने शिवावेत.

इंधनभत्त्याचा निर्णय गेल्या महिन्यात फिरवला गेला. ३५ हजार पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना तो पुन्हा मिळेल. चांगली गोष्ट आहे, पण मधला हिवाळा गेला तो गेलाच. परवा अपंगांच्या भत्त्यातील कपातीचेही तेच झाले: स्वपक्षाच्या शंभराहून जास्त खासदारांनी विरोधाची तयारी केल्यावर सरकारने माघार घेतली. ते विधेयक आणणाऱ्या मंत्री लिझ केंडल या माझ्याच मतदारसंघाच्या, लेस्टर वेस्टच्या, खासदार. दुर्बलांच्या ताटाला आधी हात घालायचा आणि ओरडा झाला की हात मागे घ्यायचा, हे वर्षभरात पुन्हा पुन्हा घडले. आणि जे वेळेवर बोलले त्यांचे काय झाले? दोनच मुलांपुरती मदत देण्याची अट काढून टाका, अशा दुरुस्तीला मत दिले म्हणून गेल्या जुलैत मजूर पक्षाचे सात खासदार संसदीय पक्षातून सहा महिन्यांसाठी निलंबित झाले.

आता स्थलांतरितांविषयी. गेल्या ऑगस्टमध्ये साउथपोर्ट गावातल्या तीन लहान मुलींच्या हत्यांनंतर दंगली उसळल्या. संडरलंडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सवर हल्ला झाला. आमच्या ग्रुपवर रात्रपाळीला बसने जाऊ नका, दोघी-दोघींनी निघा, असे निरोप फिरत होते. त्या दिवसांत स्टार्मर यांनी ही उघड उघड अतिउजव्यांची गुंडगिरी आहे असे ठणकावून सांगितले आणि खटले झपाट्याने चालवले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणूनच मेमधले भाषण जास्त लागले. हा देश ‘अनोळखी लोकांचे बेट’ होण्याचा धोका आहे, असे ते म्हणाले. सरकारच्या स्थलांतरविषयक श्वेतपत्रिकेच्या प्रस्तावनेत मोठ्या स्थलांतराने देशाचे अपरिमित नुकसान झाल्याचे लिहिले. मी ज्यांच्या घरी जाते, त्यांना मी अनोळखी नाही. काहींच्या घराची किल्ली कुठे असते तेही मला ठाऊक असते.

गेल्या आठवड्यात त्यांनी त्या शब्दांबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. शब्द मागे आले, धोरण नाही. कायमच्या वास्तव्याचा हक्क पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी देण्याचा प्रस्ताव तसाच आहे. आधीच आलेल्यांनाही तो लागू होणार का, याचे स्पष्ट उत्तर सरकार देत नाही. पाच वर्षांचा हिशेब करून घर सोडून आलेल्या, आईवडिलांना तसे सांगून आलेल्या नर्स माझ्यासोबत काम करतात. परदेशातून केअर वर्कर घेणे तर याच २२ जुलैपासून बंद होते आहे.

हे मी इथल्या मराठी मंडळींत बोलले तेव्हा एक काका म्हणाले, “अगं, आपण परक्या मुलखात. त्यांच्या राजकारणात कशाला तोंड घालायचं? उद्या व्हिसाचं काही झालं तर?” त्यांची काळजी खोटी नाही. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या की स्टार्मर पडले तर स्थलांतराचे कडवे विरोधक नायजेल फराज येतील. तीही भीती खरी आहे. मेमधल्या स्थानिक निवडणुकांत आमच्या शहराभोवतीच्या लेस्टरशायर काउंटीत फराज यांचाच रिफॉर्म पक्ष सर्वांत मोठा ठरला. पण फराज यांची भाषा उचलून त्यांचे मतदार मजूर पक्षाकडे वळलेले नाहीत. आमच्यासारखे हक्काचे मतदार मात्र दुरावले. ६५० पैकी ४११ जागा जिंकणाऱ्या पक्षाला मते चौतीस टक्क्यांच्याही आतच होती. अशा पक्षाला हे कुणीतरी सांगायलाच हवे, आणि ज्यांनी मत दिले त्यांनी आधी सांगायला हवे. इथे मी कर भरते, रात्री-अपरात्री ड्युटी करते, मत देते. मग नाराजी तेवढी का लपवायची?

लिझ केंडल यांना मी पत्र लिहिले आहे. आधीच इथे काम करत असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पाच वर्षांचाच नियम राहील, असे त्यांनी मंत्रिमंडळात मांडावे आणि लेखी कळवावे, अशी मागणी केली आहे. उत्तर आल्यास आपल्याकडे पाठवीन.

आपली,
एक मराठी नर्स
लेस्टर, इंग्लंड