शुक्रवारचे पांढरे कपडे

साल्वादोर, ब्राझील
12 जुलै

ती. आई-बाबांना शि. सा. न.

मी बरी आहे. जेवते वेळेवर. इथेही पाऊस आहे आणि छत्री मी वापरते.

आई, आधी त्या फोटोचं. ताईला रात्री उठवून "बायनं पांढरं का घातलंय, कोण गेलं काय?" विचारायची काही गरज नव्हती. तो शुक्रवार होता. शुक्रवारी इथे बँकेतली बाई, दुकानदार, आमचे सर, जो तो पांढऱ्यात. हा वार ओशालाचा. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या योरुबा लोकांचा हा देव, त्याला पांढराच रंग लागतो. मालकांनी येशूपुढे गुडघे टेकायला लावले, यांनी टेकले, आणि त्याच येशूत ओशालाला बघितलं. ज्यांनी दीक्षा घेतलीय ते तर शुक्रवारी पामतेलही खात नाहीत, तांबडं असतं म्हणून. थोडक्यात, पांढरं इथे शुभ. मी दोनच कुडते घेतलेत, तेही सेलमध्ये.

बाबा, मी कुठल्या भानगडीत पडलेली नाही. ओशालासारख्या देवांना मानणारा कांदोंब्ले हा धर्म आहे, करणी-भानामती नव्हे. ज्यांच्या कादंबऱ्यांवर मी प्रबंध लिहितेय ते जॉर्ज अमादो कम्युनिस्ट खासदार होते. 1946च्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याचं कलम त्यांच्याच दुरुस्तीनं आलं. तरी इथल्या देवघरांना 1976पर्यंत पोलिसांत नोंद करावी लागायची.

2 जुलैची मिरवणूक तुम्हाला आवडली असती. 1823 साली याच दिवशी पोर्तुगीज फौज इथून गेली. रथावर पिसांचा मुकुट घातलेला आदिवासी, काबोक्लो, भाल्यानं सापाला मारतोय. साप म्हणजे पोर्तुगाल. हाच काबोक्लो कांदोंब्लेत अंगातही येतो. आफ्रिकेचे ओरिशा, म्हणजे ओशालासारखे देव, अंगात आले तरी सहसा बोलत नाहीत. हा मात्र पोर्तुगीजात गप्पा मारतो, सल्ले देतो, चिरूट ओढतो. त्याला 'जमिनीचा धनी' म्हणतात. मला आपला राखणदार आठवला, आजोबा रोट नि विडी ठेवायचे तो. पुस्तकं याला सरमिसळ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. आपले देव घेऊन परक्या जागी आलेल्या माणसांनी आधी जागेवाल्याला गाऱ्हाणं घातलं, इतकं ते सरळ आहे. (हे सरांना अजून सांगितलेलं नाही.)

कुणी फार कुरकुर केली की इथे म्हणतात, "जा, काबोक्लोच्या पायाशी रड." माझी घरमालकीण मला आठवड्यातून दोनदा म्हणते. हसत म्हणते, काळजी नको.

कौलांसाठी 20 हजार पाठवलेत. शाकारणीच्या आधी पोचायला हवे होते, माहीत आहे. उरलेले दिवाळीपर्यंत नक्की. कुडाळच्या मंडळींना थांबवून ठेवू नका. मुलगा चांगला आहे, मी नाही म्हणत नाहीये. पण शिष्यवृत्ती एक वर्ष वाढली. हे फोनवर सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, सांगवलं नाही. चतुर्थीला येणं होणार नाही. रात्री आठच्या आरतीला व्हिडिओ कॉल लावा, इथे सकाळचे साडेअकरा असतील, मी वर्ग बुडवीन.

तुमची,
बाय

ता. क. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन मला ताईकडून का कळावं? मिरवणुकीनंतर लोक काबोक्लोच्या पायाशी चिठ्ठ्या ठेवतात, मीही तिच्या नावानं एक ठेवली. मराठीत. थेंब वेळेवर घाला तिला, ती विसरते.