साफ्ताकडून लिहून घे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, होलोकॉस्टचं, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं, सगळं शाळेत शिकवलं, पोलंडलाही नेऊन आणलं, आता साफ्ताला, म्हणजे आजीला, या वयात त्या आठवणी काढायला लावून कशाला त्रास द्यायचा? तुझा तिच्यात जीव आहे म्हणूनच तू असं बोलतोस. पण मला ते पटत नाही, म्हणून लिहिते.

शाळेने तुला ऑशविट्झची मृत्युछावणी दाखवली. साफ्ताचा मामा तिथे तुला भेटायचा नाही. तो हंगेरीतल्या मिश्कोल्त्स गावचा शिंपी. भाचीला त्याने निळा कोट शिवला होता. पोर वाढत्या अंगाची, पुढच्या वर्षी उसवून मोठा करता यावा म्हणून आत चांगली दोन बोटं माया ठेवून. एप्रिल 1944 मध्ये तिकडे सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला पिवळा तारा लावायची सक्ती झाली, दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. तिच्या आईने तो त्याच कोटावर शिवला. भाजी निवडता निवडता साफ्ता हे सांगते, आणि टाके कसे घातले ते बोटांनी करून दाखवते.

त्या वर्षी मे ते जुलै, जेमतेम आठ आठवड्यांत, हंगेरीतून 4 लाख 30 हजारांहून जास्त ज्यू गाड्यांत कोंबून नेले, बहुतेक सगळे ऑशविट्झला. आधी गावोगावचे, बुडापेस्टची पाळी शेवटी होती. मामा, मामी आणि त्यांची दोन लेकरं जूनमध्ये गेली. जुलैत हंगेरीचा सत्ताधीश हॉर्टी याने गाड्या थांबवल्या, म्हणून राजधानीतली साफ्ता मागे राहिली. पुढे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, म्हणजे घेट्टो, उपासमार, डॅन्यूब नदीच्या काठावरचा गोळीबार. जानेवारी 1945 मध्ये रशियन सैन्य आलं तेव्हा ती बारा वर्षांची होती.

माझ्या माहेरचेही ज्यूच, कोकणातले बेने इस्राएल, पण त्यांना यातलं काहीच सोसावं लागलं नाही. त्याच काळात माझे आजोबा अलिबागजवळ तेलाचा घाणा चालवत होते, शनिवारी बंद ठेवत होते, आणि गावात कुणी त्यांना वाकडा शब्द बोललं नाही. मी लांबची, म्हणूनच बहुधा साफ्ता माझ्याजवळ मोकळी झाली. पोटच्या मुलाला, तुझ्या बाबांना, ती हे कधीच सांगू शकली नाही.

जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकात मारल्या गेलेल्या प्रत्येकाच्या नावाचं साक्षीपत्र भरून ठेवता येतं. नाव, आईवडील, जन्मगाव, धंदा, युद्धात कुठे होते, शेवट कसा झाला. 60 लाखांपैकी सुमारे 50 लाख नावं जमलीत. मी शोधलं, मामाच्या लेकरांची त्यात नाहीत. धाकट्याचं साफ्ताला फक्त लाडाचं नाव आठवतं, तर तेच लिही. जन्मसाल आठवलं नाही तर जागा रिकामी सोड, अंदाजाने काही भरू नकोस. असं काही घडलंच नाही म्हणणारी माणसं आजही आहेत, त्यांना एक चुकीचा आकडा पुरतो. मध्येच ती हंगेरियनमध्ये बोलायला लागली तर थांबवू नकोस, रेकॉर्डिंग चालू ठेव. खाली सही करणाऱ्याचं नातं लिहावं लागतं. तिथे तू सही कर, मामाच्या भाचीचा नातू म्हणून.

शुक्रवारी सकाळी लवकर ये, तेव्हा तिला उत्साह असतो. बाबांना मी बाजारात पाठवते. कोटापासून सुरुवात कर. मामाचं दुकान कुठे होतं, मुलं कशी खेळायची, ते विचार. मरणाचं आपण होऊन काढू नकोस. तिला वाटलं तर ती सांगेल.

तुझी आई