आखडलेला खांदा भुलेखाली सोडवताना

मा. संपादक,

फ्रोझन शोल्डरसाठी (सांध्याचे आवरण आखडून खांदा अडणे) भूल देऊन, हात फिरवून खांदा मोकळा करायचे ठरले, की काही रुग्ण घाबरून नकार देतात, तर काही ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणून लगेच सही करतात. दोन्ही घाई टाळावी.

आधी निदान पक्के हवे. कोपर कुशीला टेकवून काटकोनात वाकवायचे आणि हात बाहेर वळवायचा. रुग्णाला ते जमत नाहीच, पण डॉक्टरांनी वळवला तरी हात अडतो आणि एक्स-रे नॉर्मल असतो, तेव्हा तो फ्रोझन शोल्डर. एक्स-रे दोन बाजूंनी काढावा. मागे निखळलेला खांदाही असाच अडतो आणि नुसत्या समोरच्या एक्स-रेत तो सहज नजरेतून सुटतो.

रात्रीची झोप उडवणारी कळ चालू असेल, तर मोकळा करण्याची वेळ अजून आलेली नाही. त्या टप्प्यात सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन (बहुधा ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन) आणि झेपेल तेवढाच व्यायाम. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, ती घरी तपासत राहावी.

प्रत्यक्ष क्रियेत खांद्याचे पाते एका हाताने दाबून धरतात आणि दंड काखेजवळ पकडतात. मनगटाशी धरून पिळला, तर जोर कितीतरी पटींनी वाढतो आणि दंडाचे हाड मोडू शकते. म्हणून हात आधी वर, मग बाजूला न्यायचा. वळवणे शेवटी आणि सावकाश. सांध्याचे आवरण सुटताना जाड कापड फाटावे तशी करकर हाताला जाणवते. हात सुटत नसेल, तर जोर वाढवायचा नाही. दुर्बिणीतून आवरण कापता येते. हाडे ठिसूळ असतील, तर भुलेखाली हात फिरवून मोकळा करण्याचा मार्ग नकोच. आणि भूल नसताना, स्नायू आवळलेले असताना मालिशवाल्याकडून हिसका मारून घेणे तर कधीच नको.

ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. भूल देऊन मोकळा करणे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांत वर्षअखेरीस रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक निघाला नाही. गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात जास्त होती. खर्चाच्या मानाने भुलेचा मार्ग सरस ठरला, पण तो हिशेब तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा. आपल्याकडचे बिल वेगळे. मात्र दोन्ही शस्त्रक्रियांच्या गटांत नंतर नीट आखलेली फिजिओथेरपी होती, आणि आपल्याकडे नेमकी तीच गळते.

भुलेसोबत वेदना थांबवायला मानेत इंजेक्शन दिले असेल, तर त्याने हात काही तास बधिर राहतो. झोळीत ठेवावा, गरम भांड्यापासून जपावा. त्या बाजूचे श्वासपटलही (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) तात्पुरते ढिले पडते, म्हणून दमेकऱ्यांनी भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. बधिरता उतरण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घ्यावी, म्हणजे व्यायाम करता येतो. तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवा, दिवसातून चार-पाच वेळा: उताणे झोपून चांगल्या हाताच्या आधाराने हात वर नेणे, काठीने बाहेर ढकलणे. पहिल्या काही आठवड्यांत हयगय झाली, तर फाटलेले आवरण पुन्हा आखडत जुळते.

डिस्चार्जच्या कागदावर अनेकदा ‘खांदा हलवत राहा’ एवढेच असते. तिथे फिजिओथेरपिस्टची दुसऱ्या दिवशीची वेळ लिहिलेली हवी. ती मिळत नसेल, तर रुग्णालयांनी शस्त्रक्रियेचीच तारीख पुढे ढकलावी.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, सांगली